जादूगाराचें पूर्ववृत्त कसें लिहावें

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यांत नववीच्या वर्गांतील सहा विद्यार्थी एक वही घेऊन आमच्यापुढें उभे राहिले. वही निबंधाची होती, पण तींत निबंध नव्हते. सहा जादूगारांचीं चरित्रें होतीं. "सर, एवढीं तपासून द्या," असें त्यांचें म्हणणें. गेलीं वीस वर्षें आम्ही मराठीचे निबंध तपासीत आहों. पावसाळा, माझी सहल, वर्तमानपत्रांचे फायदे, असले विषय आमच्या हाताखालून शेंकड्यांनीं गेले; परंतु जादूगाराचें चरित्र तपासण्याचा प्रसंग हा पहिलाच. त्या वहीमुळें आम्हांस जें सुचलें व जें शिकावयास मिळालें, तें या वार्षिकांकाच्या वाचकांपुढें ठेवावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम त्या खेळाची हकीकत सांगणें अवश्य आहे. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पुण्यास शिकतो. सुटींत घरीं येतांना त्यानें हा खेळ बरोबर आणला. खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. त्यास लागतात ते कागद, पेन्सिली आणि फांसे. फांसेही केवळ सहा बाजूंचे नव्हेत. चार, आठ, दहा, बारा व वीस बाजूंचेसुद्धां. मेजाभोंवतीं बसलेल्यांपैकीं एक जण सूत्रधार होतो व गोष्टीचें जग उभें करतो. बाकीचे एक एक पात्र घेतात : कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. सूत्रधार म्हणतो, "पुढें काळोखी गुहा आहे. आंतून कण्हण्याचा आवाज येतो. तुम्ही काय करतां?" खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात, आणि बेत साधला कीं फसला, हें फांसा ठरवितो. एकानें जिंकावें व दुसऱ्यानें हरावें असा हा खेळ नव्हे. सर्वांनीं मिळून एक गोष्ट रचावयाची, हाच त्यांतला आनंद. दंडारींत सोंग घेऊन उभा राहणारा गडी ज्यानें पाहिला आहे, त्यास हें फारसें नवें वाटूं नये. फरक इतकाच, कीं येथें सोंग बसल्या जागीं, केवळ बोलण्यानें वठवावयाचें असतें.

कांहीं पालकांनीं आम्हांस विचारलें, कीं जादूचा खेळ मुलांनीं खेळावा काय? ही शंका नवी नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतही पुष्कळ आईबापांनीं व धर्मनिष्ठ मंडळींनीं या खेळावर आक्षेप घेतले होते. आमचें मत असें, कीं नाटकांत रावणाचें काम करणारा मनुष्य रावण होत नाहीं, आणि कागदावर मंत्र लिहिणारा मुलगा मांत्रिक होत नाहीं. भिण्यासारखी एक गोष्ट या वहींत आम्हांस अवश्य आढळली. परंतु ती खेळांतली नव्हती. तिच्याविषयीं शेवटीं सांगूं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. पूर्ववृत्त म्हणजे पात्रानें कथेंत पाऊल टाकण्यापूर्वीं त्याच्या आयुष्यांत जें घडलें तें. योद्ध्याला तें थोडक्यांत चालतें. त्याचे दंड भरलेले आहेत. ते तालमीनें भरले, हें कोणासही समजतें. जादूगाराचें तसें नाहीं. त्याचें सामर्थ्य डोळ्यांस दिसत नाहीं, आणि कोठून आलें हें तर्कानें कळत नाहीं. म्हणून जादूगाराला पूर्ववृत्त नसेल, तर त्याची जादू म्हणजे केवळ सोय होऊन बसते. अडचण आली, मंत्र म्हटला, अडचण गेली. अशा गोष्टींत ऐकणाऱ्याचा जीव रमत नाहीं.

वहींतील पहिलीं पांच चरित्रें आम्हीं लक्षपूर्वक वाचलीं. पांचांपैकीं चौघांचे आईबाप पहिल्याच ओळींत मारले गेले होते. पांचही जादूगार त्रिभुवनांत सर्वश्रेष्ठ होते. पांच जण एकाच वेळीं सर्वश्रेष्ठ कसे, याचा विचार कोणींच केला नव्हता. एकाचें वय तीनशें वर्षें होतें, पण त्याचें बोलणें नववीच्या मुलाचें. दुसऱ्यास वीज पाडतां येई, डोंगर उचलतां येई, मेलेलें माणूस उठवितां येई. मग तो घरदार सोडून वणवण कां फिरत होता, हें समजेना. मुलांच्या कल्पनाशक्तीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. दोष सर्वांचा मिळून एकच होता. जादूगाराला काय काय करतां येतें, हें प्रत्येकानें लिहिलें होतें. त्यासाठीं त्याला काय द्यावें लागलें, हें एकानेंही लिहिलें नव्हतें.

तेव्हां आम्हीं फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. विद्या कोठून आली? तिची किंमत काय पडली? आणि देणें कोणाचें राहिलें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत, त्याचें पूर्ववृत्त पुरें झालें असें समजावें. आपल्याच कथांच्या आधारें एकेक प्रश्न पाहूं.

पहिला प्रश्न, विद्या कोठून आली. या खेळाच्या २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत जादूगारांचे तीन मुख्य प्रकार आढळतात. विझर्ड पोथ्या वाचून, अभ्यास करून विद्या मिळवितो. सॉर्सररच्या ठायीं ती मूळचीच, बहुधा रक्तांतून उतरलेली असते. वॉरलॉक एखाद्या बलाढ्य शक्तीशीं करार करून ती घेतो. अभ्यास, जन्म आणि करार, अशा तीन वाटा झाल्या. आपल्याकडील कथाकारांस या तिन्ही वाटा फार पूर्वींपासून ठाऊक आहेत.

जन्मानें लाभलेल्या सामर्थ्याचें उदाहरण पाहण्यास आपणांस जिल्ह्याबाहेर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्या केळापूर, राळेगांव, मारेगांव या भागांतील गोंड बांधव ज्यास आपला आदिगुरु मानतात, त्या लिंगोची कथा परधान लोक किंगरीच्या साथीनें गात आले आहेत. नागपूरच्या कॉलेजास ज्यांचें नांव दिलें आहे त्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनीं ती टिपून घेतली होती. १८६३ सालीं त्यांचा मृत्यु झाल्यावर त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केले, त्यांत ती छापली आहे. त्या कथेंत लिंगो फुलांतून जन्मतो व मधावर वाढतो. अशा जन्माचा वीर काय वाटेल तें करूं शकेल, असें आपणांस वाटतें. परंतु कथा तेथें थांबत नाहीं. ज्या चार भावांना त्यानें जपलें, तेच खोट्या आळावर विश्वास ठेवून त्याचा जीव घेतात. तो पुन्हां जिवंत होतो, आणि सूड घेण्याऐवजीं गुहेंत कोंडलेल्या गोंडांना सोडविण्यास निघतो. फुलांतला जन्म हा चमत्कार खरा, पण लिंगो थोर ठरतो तो मरणानंतरच्या या वागण्यानें. 'नवनाथ भक्तिसार' हा धुंडिसुत मालू यांचा शके १७४१ मधील ग्रंथ पुष्कळ घरांत वाचला जातो. त्यांतील गोरक्षनाथही असाच. मच्छिंद्रनाथांनीं दिलेलें भस्म एका स्त्रीनें उकिरड्यावर टाकून दिलें, आणि बारा वर्षांनीं त्या उकिरड्यांतूनच गोरक्ष बाहेर आला. ज्यास जगानें केरांत टाकलें तोच पुढें गुरूचा तारणहार झाला. जन्माची हकीकत लिहावयाची असेल तर अशी लिहावी, कीं तींत पुढील चरित्राचें बीं दिसावें.

दुसरा प्रश्न, किंमत काय पडली. याचें सर्वांत उत्तम उत्तर महाभारतांत कर्णाच्या कथेंत आहे. परशुरामापाशीं ब्रह्मास्त्र शिकावें म्हणून कर्णानें आपण ब्राह्मण आहों असें खोटें सांगितलें. विद्या मिळाली. एके दिवशीं गुरु त्याच्या मांडीवर डोकें ठेवून निजले असतां एका किड्यानें त्याची मांडी पोखरली. गुरूची झोंप मोडूं नये म्हणून त्यानें हूं कीं चूं केलें नाहीं. रक्ताच्या स्पर्शानें गुरु जागे झाले, आणि इतकी वेदना मुकाट्यानें सोसणारा ब्राह्मण नव्हे, हें त्यांनीं ओळखलें. शाप मिळाला, कीं ऐन वेळीं ही विद्या तुला आठवणार नाहीं. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कर्णाचें खोटें उघडें पडलें तें त्याच्या दुष्टपणामुळें नव्हे, तर गुरुभक्तीमुळें. त्याचा सर्वांत चांगला गुणच त्याचा घात करतो. परीक्षेच्या तीन तासांत ज्याच्या डोक्यांतून भूमितीचें प्रमेय पळून गेलें आहे, त्यास कर्णाचें दुःख निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. गंमत अशी, कीं या अमेरिकन खेळाच्या जुन्या नियमांतही असाच धागा होता. जादूगारानें मंत्र एकदां उच्चारला, कीं तो त्याच्या स्मरणांतून पुसला जाई व पुन्हां पाठ करावा लागे. ही कल्पना खेळ रचणारांनीं जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांवरून घेतली. त्याचें 'द डाइंग अर्थ' हें पुस्तक १९५० सालचें. दोन्हीकडे विस्मरण हीच विद्येची किंमत.

दुसरें उदाहरण आपल्या गोदावरीकांठचें आहे. काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत रचलेल्या 'कथासरित्सागरा'च्या आरंभीं गुणाढ्याची कथा येते. हा प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, आणि सातवाहन राजाचा मंत्री. जलक्रीडेच्या वेळीं राणी संस्कृतांत म्हणाली, कीं मजवर पाणी उडवूं नका. राजास 'मोदक' एवढेंच कळलें, आणि त्यानें मोदक आणविले. राणी हंसली. राजा लाजला, आणि संस्कृत शिकण्याचा त्यानें ध्यास घेतला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षें लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवितों. हें साधलें तर संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्ही सोडीन, अशी गुणाढ्यानें पैज घातली, आणि तो हरला. भाषा गेलेला पंडित मौन धरून विंध्याच्या अरण्यांत गेला, पिशाचांची भाषा शिकला, आणि शाई नसल्यामुळें स्वतःच्या रक्तानें त्यानें सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. राजानें ती झिडकारली. मग अरण्यांत अग्नि पेटवून गुणाढ्य एकेक पान वाची व आगींत टाकी; पशुपक्षी चरणें सोडून भोंवतीं अश्रु ढाळीत उभे राहात. राजास हें कळून तो धांवत आला तोंवर एकच लक्ष श्लोक उरले होते. आम्हीं मुलांस विचारलें, "या कथेंत जादू कोणती?" एकानें उत्तर दिलें, "सर, वाघ आणि हरिण एकत्र बसून ऐकतात ती." उत्तर बरोबर होतें. त्या जादूसाठीं गुणाढ्यानें तीन भाषा व अंगांतलें रक्त दिलें होतें, म्हणून ती आपणांस खरी वाटते.

किंमत रुपयांत मोजतां येत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. बायबलांत 'प्रेषितांचीं कृत्यें' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत शोमरोनांतील शिमोन नांवाच्या जादूगाराची हकीकत आहे. आपल्या जादूनें त्यानें लोकांस थक्क करून सोडलें होतें. प्रेषितांचें सामर्थ्य पाहून त्यानें तें विकत घेण्यासाठीं पैसे पुढें केले, आणि पेत्रानें त्याचा कडक शब्दांत निषेध केला. ज्यास विद्या हवी पण स्वतःमध्यें पालट नको, असा हा मनुष्य. तुमच्या जादूगारानें पैसे देऊन बाजारांतून जादूची काठी आणली असेल, तर त्याच्या काठीचें वर्णन करावें. त्याचें पूर्ववृत्त लिहिण्यासारखें कांहीं नाहीं.

तिसरा प्रश्न, देणें कोणाचें राहिलें. किंमत ही देऊन झालेली असते. देणें हें पुढें द्यावयाचें असतें. म्हणून खेळाच्या दृष्टीनें हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कचाची कथा घ्या. खाडिलकरांनीं १९१३ सालीं 'विद्याहरण' नाटकानें ती मराठी रंगभूमीवर आणली. देवांचा हा तरुण संजीवनी विद्या शिकण्यासाठीं शत्रूंच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे, जाऊन राहिला. दैत्यांनीं त्यास पुनःपुन्हां मारलें, आणि शेवटीं त्याची राख मद्यांत मिसळून गुरूलाच पाजली. गुरूनें पोटांतल्या शिष्यास विद्या शिकविली. तो पोट फाडून बाहेर आला, आणि त्याच विद्येनें त्यानें मेलेल्या गुरूस उठविलें. त्या क्षणीं कच निघून जाऊं शकला असता. शत्रूचा गुरु मेला, विद्या हातीं आली, काम झालें. पण त्यानें पहिला मंत्र म्हटला तो देणें फेडण्यासाठीं. एक देणें मात्र फिटलें नाहीं. देवयानीनें त्याच्यावर प्रेम केलें होतें. गुरुकन्या म्हणून त्यानें तिला नकार दिला, आणि ही विद्या तुला फळणार नाहीं असा तिनें शाप दिला. कच म्हणाला, मला न फळो, मी जिला शिकवीन तिला फळेल, ज्याला शिकवीन त्याला फळेल. शिक्षकाच्या धंद्याचें याहून नेमकें वर्णन आमच्या वाचनांत नाहीं.

इतकें ऐकल्यावर मुलांनीं म्हटलें, "सर, आतां एक नमुना तुम्हीच करून दाखवा." नमुना दिल्यास सर्व जण त्याचीच नक्कल करतात, हा आमचा अनुभव आहे, तरी आम्हीं मुलांनाच प्रश्न विचारून फळ्यावर एक पात्र तयार केलें. तें असें.

उमरखेड तालुक्यांत पैनगंगेच्या कांठच्या एका गांवांतली ही मुलगी. तिला पाऊस बोलावितां येतो. ही विद्या तिच्या आजीपाशीं होती, परंतु आजीनें ती जन्मांत एकदांही वापरली नाहीं. कां वापरली नाहीं, हें सांगण्यापूर्वींच ती वारली. मुलगी बारा वर्षांची असतां मृग कोरडा गेला, पेरलेली सरकी जमिनींत करपली, आणि दुबार पेरणीपुरतेही पैसे बापापाशीं उरले नाहींत. मुलीनें त्या रात्रीं पाऊस बोलाविला. पाऊस आला. मात्र तो नवा पाऊस नव्हता. एका शिवारांत पाडलेला पाऊस दुसऱ्या शिवारांतून उचललेला असतो, हें आजीला ठाऊक होतें. नाल्यापलीकडे तिच्या मैत्रिणीच्या बापाचें वावर होतें. त्यावर त्या सालीं थेंब पडला नाहीं, आणि तें कुटुंब बैलजोडी विकून कामाच्या शोधांत गांव सोडून गेलें. आज ती मुलगी वीस वर्षांची आहे. ती गांवोगांव फिरते, लोक तिला पाऊस मागतात, आणि प्रत्येक वेळीं तिला विचारावें लागतें, कीं हा कोणाच्या वावरांतून आणूं?

पाहा, या पूर्ववृत्तांत एकही राक्षस नाहीं, आणि आईबाप जिवंत आहेत. तरी तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्यांत आलीं. विद्या आजीकडून आली. किंमत मैत्रिणीनें दिली. देणें त्या गेलेल्या कुटुंबाचें. शिवाय सूत्रधाराच्या हातांत दोन सूत्रें आलीं. तें कुटुंब कोठें भेटेल, आणि आजीनें काय सांगावयाचें राहून गेलें, हीं दोन्ही त्यानें ठरवावयाचीं. म्हणून आम्ही म्हणतों, कीं पूर्ववृत्तांत सर्व कांहीं सांगून टाकूं नये. एक पानापेक्षां अधिक लिहूं नये, आणि त्या पानांत एक तरी दार उघडें ठेवावें. आपलें सामर्थ्य इतरांच्या पात्रांस झांकून टाकील एवढें मोठें करूं नये. पंगतींत एकानेंच सर्व वाढून घेतलें, तर इतर उपाशी उठतात. शक्य तर आपल्या देण्याचा धागा सोबत्यांपैकीं एकाच्या पात्राशीं जोडावा, म्हणजे मंडळी एकत्र कां निघाली, हें सांगण्याचा त्रास उरत नाहीं. त्या मुलीचें नांव आम्हीं ठेवलें नाहीं, वाचकांनीं ठेवावें.

आतां सहाव्या चरित्राविषयीं.

तें एका खेड्यांतून रोज येणाऱ्या मुलाचें होतें, आणि भाषेच्या दृष्टीनें सहांत सरस होतें. त्याची जादूगारीण म्हणजे गांवाच्या टोकास राहणारी एक विधवा म्हातारी. ती रात्रीं झोंपत नाहीं. विहिरीपाशीं एकटीच फिरते. तिचे ओठ हलत असतात, पण शब्द ऐकूं येत नाहींत. तिची नजर पडली कीं गाय आटते. बायका तिला पाहून मूल पदराआड घेतात. आम्हीं त्याची पाठ थोपटली आणि विचारलें, "हें तुला सुचलें कसें?" तो सहज म्हणाला, "सुचलें नाहीं सर. ही आमच्या गांवांत आहे."

आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. मग तेच तीन प्रश्न आम्हीं त्यास विचारले. विद्या कोठून आली? त्यास ठाऊक नव्हतें. तिचें माहेर कोठलें, नवरा काय करीत असे, मुलेंबाळें आहेत कीं नाहींत, हेंही ठाऊक नव्हतें. किंमत काय पडली? यावर तो प्रथम हंसला. मग हळूहळू बोलूं लागला. तिच्या हातचें पाणी कोणी पीत नाहीं. लग्नाकार्यांत तिला बोलावीत नाहींत. गेल्या वर्षीं एक वासरूं मेलें, तेव्हां चार जण तिच्या दारांत जाऊन ओरडून आले. बोलतां बोलतां तो थांबला. जी विद्या तिच्यापाशीं नव्हतीच, तिची किंमत ती म्हातारी रोज देत होती, हें सांगण्याची त्यास गरज उरली नाहीं. तिसरा प्रश्न आम्हीं विचारला नाहीं. "तिला जाऊन विचार," एवढेंच म्हटलें.

पंधरा दिवसांनीं तो पुन्हां आला. म्हातारीच्या ओसरीवर तो दोनदां जाऊन बसला होता. दुसऱ्या वेळीं तिनें चहा केला. तिनें जिनिंगच्या कारखान्यांत वीस हंगाम रात्रपाळी केली होती. रात्रीं जागण्याची जी संवय लागली ती काम सुटल्यावरही गेली नाहीं. मग पडून राहण्यापेक्षां ती बाहेर फिरते. "आणि ओठ हलतात तें काय?" आम्हीं विचारलें. "सर, ती गांठी मोजते. रुईच्या. तिचें काम तेंच होतें. मोजतां मोजतां पहाट होते म्हणाली."

विद्यार्थिमित्रहो, भिण्यासारखी गोष्ट आम्हांस आढळली ती ही. मेजाभोंवतीं बसून सहा मुलें जादूगार रचतात, तेव्हां प्रत्येक जण तें सोंग स्वतः घेतो. त्याची किंमतही स्वतःच्या पात्राला द्यावयास लावतो. गांव जेव्हां जादूगारीण रचतो, तेव्हां सोंग दुसऱ्याच्या अंगावर चढवितो, आणि बहुधा अशा व्यक्तीच्या, कीं जिला तें उतरवून टाकतां येत नाहीं. दोन्हीकडे लागते ती कल्पनाशक्ति एकच. जेथें खरें पूर्ववृत्त कोणी विचारीत नाहीं, तेथें लोक खोटें रचतात.

याचे परिणाम केवळ अबोल्यापुरते राहात नाहींत. करणी केल्याच्या संशयावरून माणसांस मारहाण झाल्याचीं, जीवही घेतल्याचीं वृत्तें आपल्या महाराष्ट्रांत वेळोवेळीं आलीं आहेत. या प्रथांविरुद्ध आयुष्यभर झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. त्यानंतर कांहीं दिवसांतच वटहुकूम निघाला, आणि डिसेंबर २०१३ मध्यें ज्यास आपण जादूटोणाविरोधी कायदा म्हणतों तो विधिमंडळांत मंजूर झाला. एखादी व्यक्ति करणी करते, जनावरांचें दूध आटविते, असें भासवून तिच्याविषयीं संशय पसरविणें व तिचें जगणें कठीण करणें, हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यास शिक्षा आहे. कायदा वाईट हात धरूं शकतो. वाईट कथा मात्र दुसऱ्या, खऱ्या कथेनेंच हटते, आणि ती आणण्यास कोणी तरी त्या ओसरीवर जाऊन बसावें लागतें.

त्या मुलानें सहावें पान वहींतून काढून टाकलें व त्या जागीं नवा जादूगार लिहिला. तो एक तरुण आहे. तो ज्याच्याविषयीं जें बोलेल तें ऐकणारास खरें वाटतें; हीच त्याची विद्या. ती गांवच्या पारावर बसून आली. किंमत अशी, कीं आतां तो स्वतः कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवूं शकत नाहीं. देणें कोणाचें, या प्रश्नापुढें त्यानें एकच शब्द लिहिला होता : म्हातारीचें. त्या पानास आम्हीं दहापैकीं नऊ गुण दिले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला.

पुढील सुटींत ज्यांस हा खेळ खेळावयाचा असेल, किंवा नुसतीच गोष्ट लिहावयाची असेल, त्यांच्यासाठीं थोडा अभ्यास देऊन हा लेख संपवितों.

१. आपल्या घरांत सांगितली जाणारी एक चमत्काराची कथा घ्या व तिला वरील तीन प्रश्न लावून पाहा. कोणत्या प्रश्नाचें उत्तर कथेंत मिळत नाहीं, तें लिहा.

२. एका जादूगाराचें पूर्ववृत्त एका पानांत लिहा. त्याचे आईबाप जिवंत असावेत, आणि तो कोणत्याही गोष्टींत सर्वश्रेष्ठ नसावा.

३. आपल्या गांवांतील अशा एका वृद्ध माणसापाशीं जाऊन बसा, कीं ज्याच्याविषयीं लोक बोलतात पण ज्याच्याशीं बोलत नाहींत. त्याचें खरें पूर्ववृत्त ऐका. हें लिहून आणण्याची आवश्यकता नाहीं.